वही संगणकात जाते तेव्हा आत काय होतं?



मार्कंड्याकडच्या गटांच्या बैठकीत बसले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. मागच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "मॅडम, वहीत चुकलं तं आमी त्याच्यावर रेघ मारून सही करतो. त्या मोबाईलमंधी चुकलं तं कोनाले इचाराचं?" बाकीच्या हसल्या, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गटाचा पैसा आहे. धान विकल्यावर, तेंदूपत्त्याची मजुरी हातात आल्यावर शंभर-शंभर करून जमवलेला.

मशीनने केलेला हिशेब म्हणजे बरोबरच, असं समजून आपण गप्प बसतो. बेरीज मशीन चुकवत नाही हे खरं. पण कशाची बेरीज करायची, व्याज कोणत्या रकमेवर लावायचं, कोणाला काय दिसू द्यायचं, हे सगळं कुणीतरी माणसाने आधी लिहून ठेवलेलं असतं. ते आपल्या गटाच्या ठरावाप्रमाणे लिहिलंय का, हे विचारायचा हक्क आपला आहे. आणि विचारायचं तर आत काय चालतं ते थोडं ठाऊक पाहिजे. म्हणून या अंकात एक छोटं वेब ॲप बनवून पाहू. नाव ठेवू 'बचत वही'.

गटांचे हिशेब संगणकात नेण्याचं काम आजचं नाही. नाबार्डने मार्च २०१५ मध्ये 'ई-शक्ती' सुरू केलं, तेव्हा पहिले दोन जिल्हे घेतले होते झारखंडातला रामगढ आणि आपल्या महाराष्ट्रातला धुळे. आता उमेद अभियानातल्या गटांसाठी 'लोकओएस' आहे. ही मोठी कामं आहेत, ती तिकडे चालतील. आपली 'बचत वही' त्यांच्या बदल्यात नाही आणि गटाच्या कागदी वहीच्या बदल्यात तर नाहीच. ही फक्त शिकण्यासाठी.

घरात बारावी, आयटीआय किंवा बीसीए करणारी मुलगी, सून, भाची असेल तर तिला जवळ बसवून हा लेख वाचा. संगणकाचं काम ती करेल, नियम तुम्ही सांगा.

स्लिप आणि खिडकी

बँकेत पैसे काढायला गेल्यावर तुम्ही स्लिप भरता आणि खिडकीतून आत देता. आतला माणूस सही बघतो, खात्यात किती शिल्लक आहे ते बघतो, नोंद करतो, मग पैसे किंवा "शिल्लक नाही" असं उत्तर बाहेर येतं. स्लिप तुमच्या हातात असते, पण खातेवही आत असते. स्लिपवर तुम्ही एक लाख लिहिले म्हणून कोणी एक लाख देत नाही.

वेब ॲपचं तसंच आहे. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा फॉर्म म्हणजे स्लिप. ती ज्या संगणकाकडे जाते तो सर्व्हर, म्हणजे खिडकीच्या आतला माणूस. खातेवही म्हणजे डेटाबेस, तो सर्व्हरकडे असतो. म्हणून गटाचा कुठलाही नियम सर्व्हरवर तपासला गेला पाहिजे. 'बचत शून्यापेक्षा कमी नको' हे नुसतं पडद्यावर लिहून भागत नाही. पडद्यावरचा फॉर्म थोडं समजणारा कोणीही बदलून पाठवू शकतो. आतल्या माणसाने परत तपासायलाच हवं.

आता हा आतला माणूस सगळा शून्यापासून घडवायचा म्हटलं तर फार काम. घरकुल बांधताना आपण दाराची चौकट स्वतः तासत बसत नाही, तयार आणून बसवतो. तशा संगणकात तयार चौकटी मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. आपण घेऊ 'जँगो'. ही पायथन भाषेत लिहिलेली आहे आणि फुकट आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत दोन तरुणांनी, एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी, २००३ साली ती बनवायला घेतली. बातमीदारांना रोजच्या रोज नवीन पानं लागायची, वेळ नसायचा, म्हणून. २००५ मध्ये त्यांनी ती सगळ्या जगाला मोकळी केली. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. आगीत भाजून त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं जवळपास निकामी झाली होती, तरी उरलेल्या बोटांवर तो असा वाजवायचा की लोक आजही ऐकतात. मला हे नाव म्हणूनच आवडतं.

आधी कागदावर रकाने

संगणक सुरू करू नका. आधी कोरा कागद घ्या. पुष्कळ मुलं हीच पायरी सोडतात.

समजा, आपला गट १२ जणींचा. महिन्याला प्रत्येकीची १०० रुपये बचत. आपल्याला दोन तक्ते लागतील. पहिला सदस्यांचा: नाव, गटात आल्याची तारीख, सध्या गटात आहे की सोडून गेली. दुसरा व्यवहारांचा: तारीख, कोणती सदस्य, कशाचे पैसे (बचत, दिलेलं कर्ज, मुद्दल परतफेड, व्याज, दंड), किती, आणि नोंद कोणी केली. झालं. कॅशबुक वेगळं, बचत खतावणी वेगळी, कर्ज खतावणी वेगळी अशी एकच रक्कम तीन ठिकाणी लिहायची आपल्याला सवय आहे. संगणकात एकदाच लिहायची. मग कॅशबुक पाहिजे तर सगळे व्यवहार तारखेप्रमाणे काढायचे, एकीचं पासबुक पाहिजे तर फक्त तिचे काढायचे.

'शिल्लक' नावाचा रकाना मी मुद्दाम ठेवलेला नाही. शिल्लक दर वेळी नोंदींवरून काढायची. ती वेगळी लिहून ठेवली की कधीतरी नोंदी एक सांगतात आणि शिल्लक दुसरंच सांगते. मग कोणाचं खरं?

जँगोमध्ये अशा तक्त्याला मॉडेल म्हणतात. मॉडेल लिहिताना दोन जागा अशा येतात, जिथे मुलीला थांबवून विचारायचंच.

पहिली जागा म्हणजे पैशाचा रकाना. संगणकात दशांश आकडे ठेवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीचं नाव फ्लोट. तिच्यात ०.१ आणि ०.२ ची बेरीज करा, उत्तर ०.३ येत नाही; ०.३ च्या मागे पंधरा शून्यं आणि मग एक ४ येतो. संगणक आतून सगळं शून्य आणि एकातच मांडतो, त्यात ०.१ नेमका बसत नाही, म्हणून असं होतं. पैशासाठी डेसिमल नावाची दुसरी तऱ्हा घ्यायची, पैसान् पैसा नेमका राहतो. जँगोत तिचा रकाना तयार मिळतो.

दुसरी जागा जास्त महत्त्वाची. व्यवहाराची प्रत्येक नोंद कुठल्यातरी सदस्याला बांधलेली असते. मग सदस्याचं नावच कोणी काढून टाकलं तर तिच्या नोंदींचं काय करायचं? जँगो हे तुमच्याकडून आधीच वदवून घेतं, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. 'कॅस्केड' लिहिलं तर नावाबरोबर तिच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात. आता विचार करा. एखादी ताई लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. सचिवाने यादी नीट करायची म्हणून तिचं नाव काढलं. तिची दोन वर्षांची बचत, तिने घेतलेलं कर्ज, भरलेलं व्याज, सगळं एका क्षणात गेलं. पेटीतले पैसे तेवढेच आहेत, पण वही वेगळंच बोलते. म्हणून इथे 'प्रोटेक्ट' लिहायचं. मग नोंदी असलेलं नाव पुसायला गेलं की जँगो नाही म्हणतं. गट सोडून गेलेलीच्या नावापुढे 'सोडून गेली' एवढंच लिहायचं, नाव तिथेच राहतं.

चुकलेल्या नोंदीचं पण असंच करा. रक्कम चुकली तर ती बदलायची नाही, पुसायची नाही. उलटी नोंद टाकायची आणि बरोबर नोंद परत करायची. वहीत रेघ मारून सही करतो, तेच हे. काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे: चूक केव्हा झाली, कोणी दुरुस्त केली, ते वाचता आलं पाहिजे.

संगणकावर

आता लॅपटॉप. पायथन उतरवून घ्यायचं, मग पायथनसोबत येणाऱ्या 'पिप' ला सांगून जँगो बसवायचं. इंटरनेट एवढ्यापुरतंच लागतं. आपल्या भागातल्या नेटवर्कचं तुम्हाला मी सांगायला नको, म्हणून हे काम चामोर्शीला किंवा जिथे रेंज मिळते तिथे उरकून घ्या. पुढचं सगळं बिनानेटचं चालतं.

'स्टार्टप्रोजेक्ट' ही आज्ञा दिली की घराचा सांगाडा तयार होतो, 'स्टार्टॲप' दिली की त्यात एक खोली. खोलीत मॉडेल्सची फाईल असते, तिच्यात आपले दोन तक्ते लिहायचे. नावं मराठीत दिली तरी चालतात. पायथनला 'सदस्य' आणि 'रक्कम' हे शब्द देवनागरीत लिहिलेले समजतात, पण आकडे इंग्रजीतच लिहावे लागतात. भाषेचे स्वतःचे शब्दही इंग्रजीच राहतात. नंतर 'मेकमायग्रेशन्स' आणि 'मायग्रेट' या दोन आज्ञा. पहिलीने तक्त्यांचा आराखडा कागदावर उतरतो, दुसरीने खरे तक्ते डेटाबेसमध्ये तयार होतात. पुढे कधी नवीन रकाना लागला तर याच दोन आज्ञा परत द्यायच्या, जुन्या नोंदी जागच्या जागी राहतात.

मग 'क्रिएटसुपरयूजर' ने एक मुख्य नाव आणि पासवर्ड ठरवायचा, दोन ओळी लिहून आपले तक्ते ॲडमिनला कळवायचे, 'रनसर्व्हर' म्हणायचं, आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा: १२७.०.०.१, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, ८०००, तिरकी रेघ, ॲडमिन. हा पत्ता इंग्रजी आकड्यांत आणि अक्षरांत टाकायचा. १२७.०.०.१ म्हणजे 'हाच संगणक'. पडद्यावर नोंद करायचा फॉर्म आणि यादी हजर! आपण पान एकही बनवलेलं नाही. हे ॲडमिन पान जँगोची सगळ्यात मोठी सोय आहे. पण ते ऑफिसातल्यांसाठी आहे, प्रत्येक सदस्याच्या हातात द्यायचं नाही, कारण तिथून सगळंच बदलता येतं.

सदस्यासाठी आपण एकच पान बनवू, तिच्या पासबुकाचं. त्याला तीन गोष्टी लागतात. एक पत्ता, कोणती स्लिप कोणत्या खिडकीत जाईल ते सांगणारा. दुसरा व्ह्यू, म्हणजे खिडकीतल्या माणसाने काय करायचं ते. इथे 'या सदस्याचे व्यवहार तारखेप्रमाणे काढ, बचतीची बेरीज कर'. तिसरा टेम्प्लेट, म्हणजे छापील पासबुकाचं कोरं पान, ज्यात नाव आणि आकडे भरले जातात. तिन्ही मिळून वीस-पंचवीस ओळी होतात.

त्या पानाचा पत्ता 'सदस्य ७' असा असेल आणि कोणी ७ च्या जागी ८ टाकला तर? शेजारणीचं कर्ज दिसलं ना. गावात मग काय बोलणं होतं ते तुम्हाला ठाऊक. लॉगिन लावलंय एवढ्याने हे थांबत नाही. लॉगिन फक्त कोण आत आलं ते सांगतं, कोणती कपाटं उघडायची ते नाही. व्ह्यूमध्ये आणखी एक ओळ लागते: मागणारी आणि पासबुकवाली एकच आहे का, किंवा ती गटाची सचिव आहे का, नसेल तर पान दाखवू नको. नवीन शिकणाऱ्यांकडून ही ओळ फार वेळा राहते.

पासवर्डचं काम जँगो चांगलं करतं. तो जसाच्या तसा ठेवत नाही, दळून ठेवतं. पिठाचं परत धान्य होत नाही, तसं डेटाबेस चोरीला गेला तरी त्यावरून पासवर्ड सहज काढता येत नाही. मात्र १२३४५६ ठेवला तर चोर आधी तेच दळून बघेल. फॉर्मसोबत एक गुप्त टोकन लावायची सोयही आहे, म्हणजे आलेली स्लिप आपल्याच पानावरून आली हे सर्व्हरला कळतं. ते टोकन काढून टाका असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

साडेचारशे रुपयांची ओळ

आता ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते.

एका ताईने गटातून ५,००० रुपये कर्ज घेतलं. महिना शेकडा २ रुपये व्याज, दहा महिन्यांत फेडायचं, दर महिन्याला ५०० मुद्दल. व्याज किती?

मुलगी जर लिहिते 'व्याज = सुरुवातीचं कर्ज गुणिले २ भागिले १००', तर दर महिन्याला १०० रुपये. दहा महिन्यांचे १,०००.

मुलगी जर लिहिते 'व्याज = बाकी राहिलेलं मुद्दल गुणिले २ भागिले १००', तर पहिल्या महिन्याला १००, दुसऱ्या महिन्याला मुद्दल ४,५०० राहिलं म्हणून ९०, मग ८०, असं करत शेवटच्या महिन्याला १०. बेरीज ५५०.

दोन शब्दांचा फरक, आणि ताईच्या खिशातून ४५० रुपये जास्त किंवा कमी. दोन्ही वेळा पडद्यावर '२ टक्के'च दिसेल. दोन्ही वेळा संगणकाची बेरीज बरोबरच असेल. गटाने कोणता ठराव केलाय ते संगणकाला माहीत नाही, आणि बहुतेक वेळा ॲप बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याला विचारायला कोणी जात नाही, तो आपल्या मनाने एक धरून चालतो. माझं मत विचाराल तर गटाच्या अंतर्गत कर्जाला उतरत्या मुद्दलावरच व्याज असावं. पण मत माझं, ठराव तुमचा. ठरावात नुसतं '२ टक्के' लिहिलं असेल तर पुढच्या बैठकीत 'बाकी मुद्दलावर' किंवा 'मूळ कर्जावर' हे शब्द घालून घ्या.

आणखीही प्रश्न निघतात. महिन्याच्या मध्यात पैसे भरले तर व्याज पूर्ण महिन्याचं की दिवसांवर? हप्ता चुकला तर दंड किती, आणि आलेल्या पैशातून आधी दंड वळता करायचा, व्याज की मुद्दल? रोवणीच्या दिवसांत बैठक झाली नाही तर सगळ्यांना दंड लागणार का? वहीत सचिव समजून घेते. संगणक समजून घेत नाही, त्याला लिहून द्यावं लागतं. ॲप बनवायला बसल्यावर गटाच्या नियमांमधली अशी भोकं दिसू लागतात, आणि माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा आहे.

नियम ठरला की त्याची चाचणी लिहून ठेवायची. जँगोत त्याची सोय आहे. '५,००० कर्ज, दहा हप्ते, व्याज ५५० आलंच पाहिजे' असं एकदा लिहून ठेवलं, की पुढे कोणी कुठेही बदल केला तरी एका आज्ञेने कळतं, हिशेब अजून ठरावाप्रमाणे आहे की नाही. काकूंच्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर हे: ज्याने ॲप बनवलं त्याला आपल्याच वहीतलं एक जुनं, फिटलेलं कर्ज द्यायचं आणि म्हणायचं, "हे टाकून दाखवा, व्याज किती येतं?" मोठ्या ॲपबाबतही हे विचारता येतं, त्यासाठी संगणक यावा लागत नाही.

लॅपटॉपच्या बाहेर

इतकं झालं की ॲप एका लॅपटॉपवर चालतंय. बैठकीत सगळ्यांना दाखवायचं तर एका मोबाईलचं हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप आणि बाकीचे मोबाईल त्याला जोडता येतात. इंटरनेट नसलं तरी चालतं. त्यासाठी रनसर्व्हरला बाहेरचे पत्ते ऐकायला सांगावं लागतं आणि सेटिंग्जमध्ये लॅपटॉपचा पत्ता 'अलाउड होस्ट्स' मध्ये टाकावा लागतो.

खऱ्या इंटरनेटवर टाकायची घाई मात्र करू नका. रनसर्व्हर शिकण्यापुरता आहे. 'डीबग' सुरू ठेवून ॲप इंटरनेटवर ठेवलं तर चूक झाल्यावर आतल्या गोष्टी जगाला दिसतात. सर्व्हरचं भाडं लागतं, जँगोच्या सुरक्षेच्या नवीन आवृत्त्या वेळोवेळी बसवाव्या लागतात, आणि मुलगी शिकायला नागपूरला गेली तर ते कोण करणार हा प्रश्न राहतोच. शिकण्याच्या ॲपमध्ये आधार नंबर आणि बँक खाते नंबर टाकूच नका, खरी नावंही नको, 'ताई १', 'ताई २' पुरे. आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. दुसऱ्याची माहिती ठेवणं ही जबाबदारी आहे.

सुरुवातीला जँगो सगळा डेटाबेस एकाच फाईलमध्ये ठेवतं, तिला एसक्यूलाइट म्हणतात. म्हणून जपून ठेवायला सोपं: बैठक झाली की सर्व्हर बंद करून ती फाईल पेन ड्राइव्हवर उतरवायची, नावात तारीख टाकायची, आणि पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत नाही तर दुसऱ्या घरी ठेवायचा.

ज्या गटांना करून बघायचंय त्यांनी पुढच्या मासिक सभेला तीन वस्तू आणाव्यात: ठरावाचं पुस्तक, मागच्या तीन महिन्यांचं कॅशबुक, आणि फिटलेल्या एका कर्जाचा खतावणीतला हिशेब. लॅपटॉप नसला तरी या. पहिला दिवस कागदावरच जाणार आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याला स्टॉल लावणाऱ्या गटांनी मालाची वही पण आणा. किती माल नेला, किती विकला, किती परत आला, हे याच दोन तक्त्यांच्या शेजारी तिसरा तक्ता टाकून बसतं का ते सोबतच बघू.